सम थोडी उशिरा आहे

वसई-विरार पट्ट्यातल्या कोणत्याही इमारतीत चौकशी करा, एखाद्या मजल्यावर स्टुडिओ निघतोच. बाहेर पाटी नसते. दार उघडलं की आधी चपला लागतात, मग कूलर, मग गोदरेजचं कपाट, आणि कपाट व खिडकी यांच्या मधल्या जागेत एक संगणक, एक माइक आणि त्या दोघांकडे भक्तिभावाने बघणारा एक मुलगा. खिडकीला आजीची गोधडी ठोकलेली असते. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवलेले असतात. अंड्यांच्या ट्रेने आवाज अडत नाही. ट्रेच्या पुठ्ठ्याने खोलीतली झणझण जराशी कमी होत असेल, पण शेजारच्या घरातला मिक्सर ट्रेमधून आरामात आत येतो. तरी ट्रे नसला तर त्या खोलीला स्टुडिओ म्हणवत नाही. घरच्यांना त्या महिन्यात किती ऑम्लेटं खावी लागली असतील याचा हिशोब भिंतीवरच मांडलेला असतो.

या खोल्यांतून काय काय बाहेर पडतं! लग्नसराईच्या तोंडावर आगरी-कोळी हळदीची गाणी. नाताळ जवळ आला की कादोडीतली आणि मराठीतली ख्रिस्तजन्माची गाणी. मधेच कोणी वाडवळीत काही करतो, नालासोपाऱ्याच्या एखाद्या खोलीत भोजपुरी चाललेलं असतं, नवरात्राआधी गरबा. निवडणूक लागली की प्रचारगीतं, ज्यांत चाल तीच राहते आणि फक्त चिन्ह बदलतं. कुठल्या भाषेत गाणं आहे यावर बाकी काहीही बदलो, या सगळ्या खोल्यांना जडणारा आजार मात्र एकच आहे. त्याला तिथे 'लॅग' म्हणतात. पुस्तकी नाव लेटन्सी.

लक्षणं अशी. गायक तोंड उघडतो, सूर लावतो, आणि त्याचाच सूर हेडफोनमधून त्याच्या कानात किंचित मागाहून येतो. गायक बिचकतो. स्वतःचा आवाज पोचायची वाट बघत तो जरा हळू होतो. ढोलकी तोवर पुढे निघून गेलेली असते. तिला गाठायला तो धावतो, तर आता मागून येणारा त्याचा आवाज आणखी भलत्या जागी पडतो. शेवटी गाणं ऐकायला बसलं की ढोलकी समेवर आणि गायक समेच्या पुढच्या गल्लीत.

विरार पूर्वेला माझ्या भाच्याचा असा स्टुडिओ आहे. रात्री दहापर्यंत त्याला स्टुडिओ म्हणायचं, दहानंतर ती आजीची झोपायची खोली. "मामा, लॅग येतोय," असं त्याने एकदा फोनवर सांगितलं ते घरात कोणाला कावीळ झाल्यासारखं. मी गेलो. मला यातलं कळतं म्हणून नव्हे. बहिणीच्या घरी संकट आलं की भावाने जाऊन बसायचं असतं म्हणून.

तोवर बातमी मजल्यावर पसरली होती आणि निदान करायला माणसं जमली होती. आजार कोणताही असो, आपल्याकडे औषध सांगणारा आजाऱ्याच्या आधी येतो. खालच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याने संगणकाकडे न बघताच "रॅम वाढवा" असं सांगितलं. त्याच्या मते जगातल्या सगळ्या व्याधी रॅमच्या कमतरतेने होतात. गॅलरीतले निवृत्त काका "अर्थिंग तपासा" म्हणाले. अर्थिंग बिघडलं तर आवाजात गुंऽऽ अशी घरघर येते, उशीर होत नाही. पण काकांनी आयुष्यभर अर्थिंगच तपासलेलं होतं आणि या वयात विषय बदलणं बरं नव्हे. केबलवाल्याने राउटरची जागा बदलायला सांगितली, जरी गाणं संगणकाच्या बाहेर कुठेच जात नव्हतं. हळदीला डीजे लावणारा दादा म्हणाला, "कार्ड बदल. माझ्याकडे एक सेकंडहँड पडलंय." निदान आणि दुकानातला शिल्लक माल यांचं इतकं जवळचं नातं मी फक्त औषधांच्या बाबतीत ऐकून होतो. सोसायटीचे सेक्रेटरी दारातूनच म्हणाले, "दहानंतर लॅग काय, काहीच यायला नको."

आणि सर्वांत शेवटी, जमलेल्या सगळ्यांच्या संमतीने, तो ब्रह्मास्त्राचा उपाय निघाला: "फॉरमॅट मार." फॉरमॅट मारल्यावर लॅग जात नाही. बहिणीच्या लग्नाचे फोटो जातात.

आता खरं कारण सांगतो, कारण ते वसई-विरारच्या माणसाला इतर कोणाहीपेक्षा लवकर कळेल. संगणक तुमचा आवाज जसजसा येतो तसतसा पुढे पाठवत नाही. आवाजाचे तो बारीक तुकडे करतो, सेकंदाला साधारण ४४,१०० किंवा ४८,००० नमुने. (४४,१०० हा विचित्र आकडा संगीतातून आलेलाच नाही. डिजिटल आवाज साठवायला सुरुवातीला व्हिडिओची टेप वापरत, आणि त्या टेपच्या ओळींच्या हिशोबात हा आकडा चपखल बसत असे. म्हणजे आज विरारमध्ये गायल्या जाणाऱ्या हळदीच्या गाण्याचा ठोका एका जुन्या व्हिडिओ कॅसेटने ठरवलेला आहे.) हे नमुने एकेक करून हाताळणं संगणकाला परवडत नाही, म्हणून तो ते आधी साठवतो आणि ठरलेली भरती झाली की एकदम पुढे ढकलतो. या साठवणीला बफर म्हणतात. वसई-विरारमध्ये याला पिंप म्हणतात.

सूर्या, उसगाव आणि पेल्हार या धरणांतून पाणी येतं, ते नळाला कधी येईल हे मात्र नळच ठरवतो. म्हणून घरोघरी पिंप. समजा घरात नियम केला की पिंप काठोकाठ भरल्याशिवाय त्याची तोटी उघडायची नाही. मोठं पिंप ठेवलं तर पाणी मिळायला वेळ लागेल, पण एकदा सुरू झालं की नळाने मधेच दम खाल्ला तरी तोटी वाहती राहील. लहान पिंप ठेवलं तर पाणी लगेच, पण नळ जरा थबकला की तोटी कोरडी. ती कोरडी तोटी म्हणजे गाण्यात मधेच येणारी कडकड-फटफट. मोठं पिंप म्हणजे लॅग. सगळं दुखणं एवढंच आहे. बफर लहान केला तर कडकड, मोठा केला तर उशीर; आणि घरातल्या प्रत्येकाचं मत असतं की दोन्ही नको.

आकड्यांत सांगायचं तर, सेकंदाला ४४,१०० नमुने असतील तेव्हा १२८ चा बफर जवळपास ३ मिलिसेकंदांचा होतो, ५१२ चा साडेअकराहून थोडा जास्त, १०२४ चा २३, २०४८ चा ४६. त्यात आवाज संगणकात शिरताना एक पिंप आणि बाहेर पडताना दुसरं, म्हणजे आकडा सरळ दुप्पट, वर ड्रायव्हरची दस्तुरी वेगळी. भाच्याच्या संगणकावर २०४८ होतं. "मिक्सिंग करताना कडकड येत होती म्हणून वाढवलं होतं," तो म्हणाला. बरोबरच केलं होतं. गाणं जुळवताना कोणी गात नसतं, तेव्हा उशिराने काही बिघडत नाही. बफर खुशाल मोठा ठेवावा. गायला माणूस उभा राहिला की तो लहान करावा. हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि गायक माइकसमोर आला की सगळे विसरतात, कारण त्या वेळी सगळे त्याला चहा हवा का ते विचारत असतात.

दुसरी भानगड रस्त्याची. विंडोजमध्ये आवाजाला बाहेर पडायला एकाहून जास्त वाटा आहेत. त्यातल्या जुन्या वाटेने गेलं की प्रत्येक वळणावर कोणीतरी थांबवून चौकशी करतं. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने नव्वदच्या दशकात या सगळ्यांना वळसा घालून थेट साउंड कार्डाशी बोलणारी पद्धत काढली, तिचं नाव एएसआयओ. पोरं तिला 'असिओ' म्हणतात. सेटिंगच्या खिडकीत असिओ निवडलं की अर्धा आजार तिथेच उतरतो. मॅकवाल्यांना हा त्रास नसतो, आणि त्यांना तसं सांगण्याचा कंटाळाही नसतो.

तिसरी गंमत त्याहून बारीक. मास्टरवर, म्हणजे सगळ्या ट्रॅकच्या बेरजेवर, भाच्याने एक लिमिटर लावला होता. हे यंत्र आवाज एकदम मोठा होणार असेल तर आधीच ओळखून त्याला दाबतं. आधी कसं ओळखतं? पुढचं थोडं ऐकून घेतं. आणि पुढचं ऐकून घ्यायचं तर आत्ताचं थांबवून ठेवावं लागतं. भविष्य बघणाऱ्याची दक्षिणा वर्तमानातून कापली जाते. बाकीचे ट्रॅकही मग त्याच्यासाठी थांबून राहतात. लग्नाच्या हिशोबाने म्हणजे, एकाला उशीर झाला की वऱ्हाड सगळं थांबतं.

या सगळ्याच्या वर एक सोपा उपाय होता आणि तो कोणीच सांगितला नव्हता. यूएसबी साउंड कार्डाच्या डब्यावर बहुधा एक बारीक बटण किंवा खटका असतो. तो दाबला की माइकचा आवाज संगणकात न जाता डब्यातूनच परत गायकाच्या कानात येतो, जवळपास तत्काळ. डायरेक्ट मॉनिटरिंग म्हणतात त्याला. खटका डब्यावरच असतो, त्यामुळे तो कोणाला विकता येत नाही. म्हणून कोणी सुचवत नाही.

पण हे सगळं ज्यांच्यासाठी चाललं होतं त्या आजींबद्दल सांगायचं राहिलं. आगरी लग्नात विधी होताना धवला गातात, आणि तो गाणारी धवलारीण ही त्या मांडवातली मोठी असामी. भाच्याच्या मित्रांना एका हळदीच्या गाण्याच्या सुरुवातीला अस्सल धवल्याचा तुकडा हवा होता. म्हणून गावातून एका धवलारीण आजींना गाडी पाठवून आणलं. आजी नऊवारीत, कपाळाला मोठं कुंकू, माइकच्या चाळणीकडे संशयाने बघत बसल्या. त्यांच्या कानाला कोणीतरी आपला नवाकोरा ब्लूटूथ हेडफोन लावला. गाणं सुरू झालं आणि आजी थांबल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबल्या. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "ह्या कानातला माझ्या मागून गातंय. त्याला आधी गाऊन घेऊ द्या, मग मी बसते."

त्या खोलीत जमलेल्यांपैकी निदान अचूक केलं ते आजींनी. ब्लूटूथ आवाज पाठवण्याआधी तो दाबून, घडी घालून, पिशवीत भरतो आणि पलीकडे तो उघडावा लागतो. या बांधाबांधीत बहुतेक साध्या हेडफोनमध्ये १०० ते २५० मिलिसेकंद जातात. हळदीचं गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं धरलं तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. म्हणजे उशीर झाला तर तो अर्ध्या ठोक्यापर्यंत जातो. कानातलं गाणं आजींच्या मागून खरंच गात होतं, शिवाय बेताल. ब्लूटूथवर बफर, असिओ, रॅम यांपैकी कशाचीच मात्रा चालत नाही. वायरवाला हेडफोन लावायचा, एवढंच.

अतिविलंबित ख्याल गाणाऱ्यांना हा त्रास कमी व्हावा असा माझा एक सिद्धांत आहे. जिथे एकेक मात्रा काही सेकंदांची, तिथे पाव सेकंदाचा उशीर कोणाच्या ध्यानात येणार? हा सिद्धांत मी एका तबलजींना सांगितला. त्यांनी उत्तर दिलं नाही, नुसता डग्गा वाजवला.

आपलाच आवाज उशिरा ऐकू आला की माणूस अडखळतो हे नवं नाही. १९५० मध्ये ली नावाच्या अमेरिकन संशोधकाने ते लिहून ठेवलं. साधारण पाव सेकंदाच्या आतबाहेर उशीर केला तर चांगलं बोलणारा माणूसही तोतरं बोलायला लागतो. याच तत्त्वावर कुरिहारा आणि त्सुकादा या दोन जपानी संशोधकांनी एक बंदूक केली. बोलणाऱ्यावर दुरून रोखायची, त्याचा आवाज पाव सेकंदाच्या आसपास उशिराने त्याच्याच कानात परत पाठवायचा, की त्याचं बोलणं अडखळून थांबतं. २०१२ मध्ये त्यांना ध्वनिशास्त्रातलं इग नोबेल मिळालं. ही बंदूक सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठेवावी अशी सूचना मी लेखी दिली होती. ती कार्यवृत्तात आलेली नाही.

पोरांना वाटतं हा संगणकाचा दोष. टेपच्या काळात सगळं सुरळीत होतं, असं जुने लोकही सांगतात. सुरळीत कसलं? मोठ्या टेप मशिनवर लिहिणारं डोकं एकीकडे आणि वाचणारं डोकं त्याच्या पुढे. टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल आणि दोन डोक्यांत दोन इंचांचं अंतर असेल, तर लिहिलेलं वाचायला १३३ मिलिसेकंद लागणार. आधीच्या टेपवर ऐकत ऐकत नवा गळा चढवायचा तर तो इतका मागे पडायचा. १९५० च्या दशकात अमेरिकेत अँपेक्स कंपनीने लिहिणाऱ्या डोक्यालाच वाचायला लावलं आणि हा घोळ मिटवला. त्यावर पुढे आठ ट्रॅकची यंत्रं झाली, त्यातलं एक १९५७ मध्ये गिटारवादक लेस पॉलने घरी नेलं. म्हणजे घरात स्टुडिओ थाटून घरच्यांची झोप उडवणारा विरारकर काही पहिला नव्हे.

त्याच्याही मागे गेलात तर लॅगला जागाच नव्हती. १९३२ मध्ये प्रभातने 'अयोध्येचा राजा' काढला तेव्हा नट कॅमेऱ्यासमोर उभं राहून खरोखर गात होते. गोविंदराव टेंबे, दुर्गा खोटे, सगळे. गळा आणि ओठ एकाच माणसाचे, एकाच क्षणाचे. १९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव'साठी गाणं आधी ध्वनिमुद्रित करून मग ओठ हलवायची पद्धत आणली. तेव्हापासून आपल्या पडद्यावरची माणसं दुसऱ्याच कोणीतरी आधीच गाऊन ठेवलेलं गाणं गातायत, आणि कोणाची तक्रार नाही.

मुंबईत ताडदेवच्या फिल्म सेंटरला किंवा महालक्ष्मीच्या फेमसला मोठ्या वाद्यवृंदांची गाणी ध्वनिमुद्रित होत, तेव्हाही उशीर होताच. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे मीटरमागे ३ मिलिसेकंद. पंधरा मीटर मागे बसलेल्या वादकाला पुढच्या व्हायोलिनचा आवाज ४४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. म्हणून मागच्यांनी ऐकायचं नाही, संगीत संयोजकाच्या हाताकडे बघायचं; डोळ्याला उशीर होत नाही. विरारच्या वरातीत हा शिस्तीचा भाग नसतो. डीजेचा ट्रक पुढे, आणि शंभर मीटर मागे राहिलेले पाहुणे त्याच गाण्यावर ३०० मिलिसेकंद उशिराने नाचत असतात. एकाच वरातीत दोन नाच. आत्येच्या सासरकडचे लोक बेताल आहेत असा जो प्रवाद आहे, तो त्यांना फक्त मागे चालावं लागल्याने पसरला आहे.

हिशोब अजून ताणता येतो. विरार ते चर्चगेट रेल्वेने ६० किलोमीटर. विरारला कोणी 'सा' लावला आणि तो विरला नाही असं मानलं, तर चर्चगेटला तो पोचायला तीन मिनिटांना पाच-सात सेकंद कमी लागतील. गर्दीच्या वेळी विरारला चढलेला माणूस त्या वेळात दारातून आत सरकलेला नसतो.

आणि वसईतून निघून सर्वांत उशिरा पोचलेला आवाज म्हणाल तर तो घंटांचा. १७३९ मध्ये चिमाजीआप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे, आणि नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळावर जी आहे ती तर म्हणीत जाऊन बसली. पोर्तुगीज पाद्रींनी ती ज्यांना हाक मारायला टांगली होती ते इथेच राहिले, आणि हाक दुसरीकडेच ऐकू येत राहिली. एवढ्या लॅगवर कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग नाही.

लॉकडाउनच्या गणपतीत, २०२० साली, हे सगळं घरोघर प्रात्यक्षिकासह शिकवलं गेलं. बहीण, भाचे, पुण्याचे चुलते आणि न्यू जर्सीची मावशी अशी सामुदायिक आरती व्हिडिओ कॉलवर करायचं ठरलं. विरारमध्ये पहिलं कडवं संपलं तेव्हा पुणे मध्यावर होतं आणि मावशी नुकतीच टाळ शोधत होती. प्रत्येकजण आपण बरोबर आणि बाकी सगळे मागे, अशा समजुतीत आवाज चढवत गेला. "तुमचं नेट स्लो आहे," असं सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं. नेटचा दोष होताही, पण पूर्ण नव्हे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यू जर्सी आकाशमार्गे साडेबारा हजार किलोमीटर. तार त्याहून लांब वळशाने जाते. एका दिशेलाच ६० मिलिसेकंदांहून जास्त, आणि तिचा सूर ऐकून आपण दाद द्यायची तर जाऊन-येऊन दुप्पट. तारेतल्या प्रकाशाचा वेग देवासाठीही वाढवता येत नाही. शेवटी बाप्पांसमोर तीन आरत्या झाल्या, एका आरतीच्या दक्षिणेत.

मग अडचण उशिराची आहे की कशाची? मला वाटतं उशिराची नाही. युरोपातल्या मोठ्या चर्चमधले ऑर्गन वाजवणारे पट्टी दाबतात आणि दूरच्या नळ्यांतला सूर त्यांच्यापर्यंत चांगल्या जाणवण्याजोग्या उशिराने येतो. तरी ते आयुष्यभर नेटकं वाजवतात, कारण उशीर दर रविवारी तेवढाच असतो. आपल्याकडे सकाळच्या विरार लोकलमध्ये भजनी मंडळी बसतात. खिडकीशी बुवा, दाराशी टाळकरी, मधे पत्र्यावर ठेका धरणारा. बुवा आणि टाळकरी यांत चार मीटर अंतर धरा. म्हणजे साडेअकरा मिलिसेकंद, बरोबर ५१२ चा बफर. गाडी हलते, माणसं चेंगरतात, कोणीतरी मधेच उतरायला वाट मागतं, आणि सम चुकत नाही. कारण टाळकऱ्याला बुवा रोज तिथेच सापडतो. माणसाचा कान ठरलेल्या उशिराशी जमवून घेतो. बिथरतो तो उशीर मधेच १० आणि मधेच ४० झाला की. आणि संगणकावर हेच होत असतं: वायफायचा ड्रायव्हर मधेच प्रोसेसरला हाक मारतो, अँटिव्हायरसला त्याच क्षणी घर झाडायची आठवण होते, लॅपटॉप वीज वाचवायला डुलकी घेतो. म्हणून ध्वनिमुद्रण करताना वायफाय बंद, वीज वाचवायची सोय बंद, साउंड कार्ड हबमध्ये न खुपसता थेट यंत्राला. केबलवाल्याचा राउटर शेवटी थोडासा गुन्हेगार निघाला, पण वेगळ्याच कलमाखाली.

भाच्याने हे सगळं केलं. मग त्याने एक वायर घेतली आणि कार्डाच्या बाहेरच्या भोकातून आतल्या भोकात लावली. संगणकाने एक टिक वाजवायची, स्वतःच ती ऐकायची आणि किती उशीर झाला ते सांगायचं. जो आकडा येतो तो सॉफ्टवेअरमध्ये भरला की पुढचं सगळं ध्वनिमुद्रण तेवढं मागे सरकवून बसवलं जातं. ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे. मधे एकदा ४४,१०० वर गायलेला एक तुकडा ४८,००० वर वाजला आणि काळी एकमध्ये गाणाऱ्या आजींचा आवाज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधल्या कुठल्यातरी जागी गेला, जिथे पेटीला पट्टीच नाही. आजींनी तो ऐकला आणि "ही कोण पोरगी?" असं विचारलं. ते दुरुस्त झालं.

आजींना शेवटी हेडफोन दिलाच नाही. ठोका नाही, ट्रॅक नाही, काही नाही. त्यांनी मांडवात गातात तसं गायलं. नंतर ढोलकीवाल्याला त्यांचा आवाज ऐकवला आणि त्यांच्या मागून वाजवायला सांगितलं. त्याने तक्रार केली नाही; लग्नांत तो आयुष्यभर हेच करत आलाय.

बाकीच्या गाण्यात आता लॅग उरला नाही. सगळं समेवर, इतकं नेमकं की भाचा दोनदा ऐकून गप्प बसला. मग त्याने ढोलकीच्या ट्रॅकवर एक बटण दाबलं. "हे काय?" मी विचारलं. "ह्यूमनाइज," तो म्हणाला. हे बटण प्रत्येक ठोका काही मिलिसेकंद इकडेतिकडे सरकवतं, म्हणजे यंत्राने वाजवल्यासारखं वाटत नाही. त्यानंतर गायकाच्या आवाजावर त्याने 'डिले' नावाचं एक प्लगइन लावलं आणि त्यात ३७५ मिलिसेकंद भरले. गायकाचा आवाज आता त्याच्याच मागून पुन्हा येऊ लागला, मंद होत, छान.

चहा घेऊन आलेल्या बहिणीने हे ऐकलं. "अरे, हाच ना तो? इतके दिवस काढत होतास तो?"

"नाही गं आई," भाचा म्हणाला, "हा विकत घेतलेला आहे."